फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवताना : गोव्यात उघड्यावर फोटो काढणाऱ्यांसाठी

गोव्याचा किनारा पश्चिमेला आहे. संध्याकाळी नवरा-नवरीला समुद्राकडे पाठ करून उभं केलं की सूर्य त्यांच्या मागे जातो. आकाश केशरी येतं आणि चेहरे काळे. सकाळी तीच जागा घ्यावी तर ऊन समोरून डोळ्यांत, म्हणून दोघांचे डोळे किलकिले. मग बहुतेक जण कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश चढवतात. चेहरा उजळतो, पण नाक, गाल, कपाळ सगळं एका पातळीवर येतं, कपाळावरचा घाम चमकतो आणि लग्नाचा फोटो ओळखपत्रावरच्या फोटोसारखा सपाट दिसतो.

मी फोंड्याला राहतो. लग्नं, प्री-वेडिंग, जत्रा, शिगमो, चवथीतले घरगुती फोटो अशी कामं करतो. माझा स्टुडिओ नाही; असता तरी ही कामं तिथे झाली नसती. इतक्या वर्षांत एवढं पक्कं कळलं की उघड्यावर फ्लॅश लागतो तो मुख्यतः उजेडाला दिशा द्यायला. त्यासाठी तो भिंगापासून बाजूला न्यावाच लागतो. कधी वीतभर पुरतं, मग ब्रॅकेट. कधी दोन मीटर हवे, मग स्टँड किंवा कुणाचा तरी हात. कुठे काय वापरायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

सामान कोणत्या क्रमाने घ्यावं

सर्वांत आधी एक फ्लॅश आणि एक रेडिओ ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्याचा इशारा बिनतारी फ्लॅशपर्यंत नेणारी डबी. फ्लॅशला पॉवर १/१ पासून १/१२८ पर्यंत हाताने बदलता आली पाहिजे, बाकी चैनीच्या सोयी नसल्या तरी चालतं. ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओवर चालणारा घ्या. दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून पेटणारी जी जुनी 'ऑप्टिकल स्लेव्ह' पद्धत आहे, ती भर उन्हात आंधळी होते. आणि लग्नात तर प्रत्येक पाहुण्याच्या फ्लॅशला तुमचा फ्लॅश पेटत राहतो आणि सेल संपवतो.

दुकानात फ्लॅशच्या खोक्यावर 'गाइड नंबर ६०' असं मोठ्या अक्षरात असतं. हा आकडा समजून घ्या. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १०० ला गाइड नंबर भागिले मीटरमधलं अंतर म्हणजे तुम्हाला मिळणारं ॲपर्चर, भिंगाचं तोंड किती उघडं हे सांगणारा 'एफ' आकडा. पण ६० हा आकडा फ्लॅशचं डोकं २०० मिलिमीटर झूमवर असतानाचा असतो, म्हणजे सगळा झोत एकवटलेला. ३५ मिलिमीटरवर तोच फ्लॅश साधारण ३६ देतो. अंब्रेलातून, म्हणजे उजेड पसरवणाऱ्या पांढऱ्या छत्रीतून, मारला की आणखी दीड-दोन स्टॉप जातात (एक स्टॉप गेला की उजेड निम्मा) आणि हातात १८ ते २० उरतात. म्हणजे दीड मीटरवर, पूर्ण पॉवरला, जेमतेम एफ १२ ते १३. हा हिशेब डोक्यात असला की 'माझा फ्लॅश उन्हात पुरत का नाही?' हा प्रश्न पडत नाही.

त्यानंतर स्टँड आणि त्यावर बसणारं ब्रॅकेट. इथे 'ब्रॅकेट' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, त्यामुळे नवखे गोंधळतात. एक स्टँडच्या टोकावर, म्हणजे १६ मिलिमीटरच्या खुंटीवर, बसतं आणि फ्लॅश व अंब्रेला दोन्ही धरतं. दुसरं कॅमेऱ्याच्या बुडाला, ट्रायपॉडच्या स्क्रूच्या भोकात लावायचं आणि फ्लॅश भिंगाच्या वर किंवा बाजूला धरायचं. स्टँडवरचं घेताना फ्लॅश त्याच्या पायावर उभा करणारं स्वस्तातलं प्लास्टिक घेऊ नका. फ्लॅशचं अंग दोन्ही बाजूंनी आवळून धरणारं 'एस' प्रकारचं घ्या. त्यात सगळा भार फ्लॅशच्या नाजूक पायावर येत नाही आणि पुढेमागे सॉफ्टबॉक्सही (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावता येतो. कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटकडे पुढे येतो, कारण त्याची गरज मिरवणुकीत कळते.

आधी अंगणात, मग किनाऱ्यावर

पहिला सराव घरीच करा. संध्याकाळी पावणेसहा-सहाला तुळशी वृंदावनापाशी घरातल्या कुणाला तरी उभं करा, पाठ पश्चिमेला.

फ्लॅश बंद ठेवा. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, शटर १/२००. आता फक्त ॲपर्चर बदलत मागचं आकाश हवं तसं येईपर्यंत फोटो घ्या. मी आकाश एक स्टॉप गडद ठेवतो, रंग दाटतो. चेहरा काळा येईल, येऊ द्या. त्याच्याकडे बघून आकडे बदलायचा मोह होतो आणि बहुतेकांचं गणित नेमकं इथेच चुकतं.

आकाश जमलं की ते आकडे सोडायचे नाहीत. आता फ्लॅश सुरू करा, १/८ पॉवरवर, माणसापासून दीड मीटर, कॅमेऱ्याच्या एका बाजूला साधारण पंचेचाळीस अंशात, आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा हातभर उंच. एक फोटो घ्या. चेहरा अजून काळा असेल तर पॉवर १/४, जास्त पांढरा झाला तर १/१६. नाकाची सावली ओठांच्या कोपऱ्याकडे तिरपी उतरली की जागा बरोबर. ती गालावर आडवी गेली तर फ्लॅश फार खाली आहे, आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार झाला तर फार वर.

आता या सगळ्या प्रकाराचं मर्म. शटर मंद केलं तर आकाश उजळतं, पण फ्लॅशने उजळलेला चेहरा जवळपास तसाच राहतो, कारण फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास येऊन जातो. शटर किती वेळ उघडं आहे याचं त्याला काही नसतं. म्हणून आकाश शटरच्या हातात आणि चेहरा फ्लॅशच्या पॉवरच्या हातात. ॲपर्चर आणि आयएसओ मात्र दोघांवर चालतात. ही चार वाक्यं एकदा अंगणात डोळ्यांनी बघितली की पुढे कुठल्याही जागी गोंधळ होत नाही.

याचा खरा उपयोग मांद्रे किंवा मोरजीच्या वाळूवर होतो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे अखेरीस सातच्या. मावळण्याआधीची वीस मिनिटं आणि नंतरची पंधरा, एवढाच वेळ हातात. सुरुवातीला माझे आकडे साधारण आयएसओ १००, १/२००, एफ ५.६ असे असतात आणि अंब्रेलातला फ्लॅश दीड मीटरवर १/४ ला. जसा अंधार पडत जातो, तसं मी फक्त शटर खाली आणतो : १/१००, मग १/५०. फ्लॅशला हात लावत नाही. १/५० च्या खाली मात्र माणसं हलली की आकाशाच्या उजेडातली त्यांची कड पुसट येते, तेव्हा तिथून पुढे आयएसओ वाढवून पॉवर तितकीच कमी करायची.

अंतराबद्दल एवढंच लक्षात ठेवा : फ्लॅश दुप्पट लांब नेला की उजेड चौपट कमी होतो. दीड मीटरवरून तीनवर नेला की दोन स्टॉप गेले. हेच गणित घरच्या मंडळींच्या फोटोत उपयोगी पडतं. फ्लॅशपासून एक मीटरवर काका आणि दोन मीटरवर काकी असतील तर काका चौपट उजळ. तोच फ्लॅश मागे नेऊन अंतरं तीन आणि चार मीटर केली, तर फरक एका स्टॉपच्याही आत येतो. मोठ्या कुटुंबासाठी म्हणूनच फ्लॅश लांब आणि पॉवर जास्त.

वारा

हरमलच्या किनाऱ्यावर एकदा चारच्या सुमारास मी अंब्रेला लावलेला स्टँड उभा करून नवरीचा पदर नीट करायला चार पावलं पुढे गेलो. समुद्राकडून झुळूक आली, अंब्रेला शिडासारखी फुगली आणि फ्लॅश खडकावर पडला. डोक्यावरची काच फुटली. नवरी अजून दोन हात मागे उभी असती तर स्टँड तिच्या अंगावर गेला असता, याची मला फ्लॅशपेक्षा जास्त धास्ती बसली.

तेव्हापासून किनाऱ्यावर स्टँड एकटा सोडत नाही. दुपारनंतर समुद्रवारा येणारच, हे धरून चालतो. रिकामी जाड कापडी पिशवी बरोबर ठेवतो, वाळू तिथेच भरायची, पाच-सहा किलो, आणि स्टँडच्या मधल्या दांड्याला जमिनीच्या जवळ टांगायची. तरीही अंब्रेला असेल तर एक माणूस स्टँडला हात लावून उभा हवाच. वारा वाढला की अंब्रेला काढून टाका आणि फ्लॅश उघडाच वापरा. मावळतीचा सूर्य तरी कुठे मऊ असतो? कडक उजेड त्या प्रसंगाला शोभतो.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर किनाऱ्यावर स्टँडपेक्षा माणूस चांगला. मोनोपॉडच्या टोकावर फ्लॅश बसवून भाच्याच्या हातात देतो. जोडपं चालायला लागलं की तोही चालतो, आणि मी 'थोडा वर, अजून नवरीकडे' म्हटलं की सेकंदात हलतो. त्याला एवढंच शिकवलंय की अंतर दोन पावलांचंच ठेवायचं. तो ढळला नाही तर पॉवरही बदलावी लागत नाही.

भर दुपारचं ऊन

दुपारचं काम टाळता आलं तर टाळा. माडाच्या सावलीत किंवा जुन्या घराच्या सोप्यावर जा. नाहीच टळलं तर आकडे असे : आयएसओ १००, १/२००, एफ ११ ते १३. शटर यापेक्षा वेगवान केलं तर फोटोत काळा पट्टा येतो, कारण बहुतेक कॅमेऱ्यांचा पडदा १/२०० किंवा १/२५० च्या वर एकाच वेळी पूर्ण उघडा नसतो. एफ ११ ला उघडा फ्लॅश पूर्ण पॉवरवर तीन मीटरपर्यंत पुरतो, अंब्रेलातून पुरत नाही.

मागचं पुसट करायला एफ ४ हवं असेल तर दोन रस्ते. फ्लॅशमधली हाय स्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारी सोय, वापरा, पण त्यात दोन स्टॉपच्या आसपास ताकद लगेच जाते आणि शटर जितकं वर, तितकी आणखी. किंवा भिंगावर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच, लावा. तीन स्टॉपच्या फिल्टरने एफ ११ चं एफ ४ होतं आणि शटर १/२०० वरच राहतं. फिल्टर उन्हाला आणि फ्लॅशला सारखाच अडवतो, तेव्हा फ्लॅशला जास्तीची ताकद मिळते असं समजू नका. फक्त हाय स्पीडमध्ये जी वाया गेली असती ती वाचते. मला हाच रस्ता आवडतो. ताकद कमीच पडली तर एका ब्रॅकेटवर दोन फ्लॅश जोडा, एक स्टॉप मिळेल. ओळीने पंचवीस-तीस फोटो पूर्ण पॉवरला काढलेत तर फ्लॅश तापतो आणि स्वतःला थांबवतो, म्हणून मध्ये दम घ्या.

मिरवणुकीतलं ब्रॅकेट

शिगम्याला फोंड्यात, पणजीत, म्हापशात रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणारी मिरवणूक) निघतो तेव्हा स्टँड उभा करायला जागा नसते, आणि भाचाही गर्दीत दोन मीटर लांब राहू शकत नाही. ढोल-ताशे आणि कासाळ्यांच्या गजरात समोरचा नाचणारा एका क्षणी तीन मीटरवर असतो, दुसऱ्या क्षणी भिंगाला टेकलेला. इथे कॅमेऱ्याचं ब्रॅकेट लागतं.

त्याचं मुख्य काम समजून घ्या. कॅमेरा उभा धरला की डोक्यावरचा फ्लॅश बाजूला जातो आणि माणसाची सावली शेजारच्या भिंतीवर कानाजवळ काळ्या ठिपक्यासारखी पडते. पलटणाऱ्या ब्रॅकेटमध्ये फ्लॅशची दांडी फिरवता येते, म्हणजे कॅमेरा आडवा असो की उभा, फ्लॅश भिंगाच्या बरोबर वर. सावली माणसाच्या पाठीमागे खाली जाते आणि दिसत नाही. फ्लॅश भिंगापासून वीतभर दूर गेल्यामुळे जवळच्या फोटोत डोळे लाल येण्याचंही कमी होतं. मात्र ब्रॅकेटने उजेड मऊ होतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मऊपणा येतो तो उजेडाचं तोंड मोठं केल्याने. वीतभर सरकलेला फ्लॅश तेवढाच लहान असतो.

घेताना दुकानातच कॅमेरा लावून बघा. सेलचं आणि कार्डाचं झाकण ब्रॅकेट न काढता उघडतं का? खालचं रबर इतकं घट्ट बसतं का की कॅमेरा त्यावर गोल फिरत नाही? दांडी पलटताना खटका एका बोटाने सुटतो का? आणि वजन : कॅमेरा, भिंग, फ्लॅश, ब्रॅकेट मिळून तीन तास मनगटावर येणार आहे. मी 'एल' आकाराचं साधं ब्रॅकेट कित्येक वर्षं वापरलं, पण त्यात फ्लॅश डावीकडे राहतो आणि उभ्या फोटोत एक तर वर किंवा खाली जातो. पैसे असतील तर पलटणारंच घ्या.

फ्लॅश ब्रॅकेटवर गेला की कॅमेऱ्याशी जोडायला तार लागते, टीटीएल तार. टीटीएल म्हणजे भिंगातून येणारा उजेड मोजून कॅमेराच फ्लॅशची पॉवर ठरवतो. आणि इथे मी माझाच नियम बदलतो : स्टँडवर मॅन्युअल, ब्रॅकेटवर टीटीएल. मिरवणुकीत अंतर दर क्षणी बदलतं, पॉवर हाताने बदलायला वेळ कुठे?

माझे मिरवणुकीतले आकडे : आयएसओ १६००, एफ ४, शटर १/३०, फ्लॅश टीटीएलवर एक स्टॉप कमी, आणि दुसऱ्या पडद्याची सिंक. म्हणजे फ्लॅश शटर मिटता-मिटता पेटतो, आणि नाचणाऱ्याच्या हातातल्या निशाणाची रेघ त्याच्या मागे उमटते, पुढे नाही. ही सोय काही ट्रिगरवर चालत नाही, टीटीएल तारेवर चालते. डिचोली-सत्तरीकडच्या घोडेमोडणीत (लाकडी घोडा कमरेला बांधून केलेला नाच) घोड्याची झूल फिरताना ही रेघ फार सुंदर येते. पण घोडेमोडणीवाल्यांच्या वाटेत शिरू नका, आणि फ्लॅश सारखा डोळ्यांवर मारत राहू नका. त्यांना पायाखालची वाट दिसली पाहिजे.

रंगाचं थोडक्यात. फ्लॅशचा उजेड साधारण ५,५०० केल्व्हिनचा, दुपारच्या उन्हासारखा. पिवळ्या बल्बांच्या रोषणाईत तो निळा दिसतो. फ्लॅशवर अर्धं सीटीओ जेल, म्हणजे फिकट नारिंगी पारदर्शक कागद, लावलं की तो ३,८०० च्या आसपास येतो, पूर्ण लावलं की २,९०० च्या जवळ. मावळतीला पाव किंवा अर्धं पुरतं. जुन्या ट्यूबलाइटखाली हिरवट जेल.

माटोळीखाली

चवथीला घरोघरी एकच मागणी : गणपतीसमोर सगळं कुटुंब, वर माटोळी (फळं-पानं टांगलेली लाकडी चौकट) पूर्ण दिसायला हवी. इथे दोन अडचणी हमखास येतात. जुन्या घरांना वर कौलं. लग्नाच्या हॉलमध्ये जसा छताकडे फ्लॅश मारून उजेड खाली आणतो, तसा इथे येत नाही. कौलं उजेड गिळतात आणि जो परत येतो तो तांबूस. दुसरं म्हणजे फ्लॅश वरून मारला की माटोळीला टांगलेल्या नारळांच्या, काकड्यांच्या, सुपारीच्या घोसांच्या सावल्या नेमक्या आजीच्या तोंडावर पडतात.

म्हणून फ्लॅश माटोळीच्या खाली, खांद्याच्या उंचीवर आणा, आणि माणसांवर न मारता बाजूच्या चुना मारलेल्या पांढऱ्या भिंतीवर मारा. ती भिंत मोठ्या खिडकीसारखा उजेड देते, तुमच्या कुठल्याही सॉफ्टबॉक्सपेक्षा मोठा. भिंत रंगीत असेल तर पांढरी चादर टांगा. माटोळीसाठी दुसरा फ्लॅश असेल तर मखराच्या मागे जमिनीवर ठेवून वर वळवा, १/३२ वर. फळांच्या कडा उठून येतात. समयांचा उजेड दिसायला शटर १/३० पर्यंत खाली आणा.

पेडण्याकडे जत्रेत दशावतारी नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. खेळ चालू असताना मी फ्लॅश वापरत नाही, तुम्हीही वापरू नका. आधी रंगपटात परवानगी विचारून बसा. कलाकार स्वतःच स्वतःचा चेहरा रंगवतात. एकदा एक म्हातारे कलाकार मांडी घालून बसले होते. डाव्या हातात तळहाताएवढा आरसा, उजव्या करंगळीने भुवई ओढत होते. मी फ्लॅश उचलला तसे आरशातूनच म्हणाले, "बाबा, डोळ्यांत मारू नको, मला रेघ दिसायची थांबते." मी तो त्यांच्या मागच्या भिंतीकडे वळवला, १/६४ वर. भिंतीवरून आलेला उजेड त्यांच्या कानावरून गालाच्या कडेला लागला. चेहऱ्याची पुढची बाजू आरशासमोरच्या बल्बनेच उजळलेली राहिली, आणि करंगळीवरचा ओला काळा रंग तेवढा चमकला.

कुठे फ्लॅश काढायचाच नाही

देवळांच्या गाभाऱ्यात नाहीच. जुन्या गोव्याची चर्चेस आणि पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या इतर वास्तूंत ट्रायपॉड-स्टँडसाठी आधी परवानगी लागते. पणजीच्या फोंतेन्यातली रंगीत घरं लोकांची राहती घरं आहेत. दाराबाहेर स्टँड लावण्याआधी दार वाजवून विचारा. आणि नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत मोरजी, मांद्रे-आश्वे, आगोंद, गालजिबाग या किनाऱ्यांवर रात्री फ्लॅश मारू नका. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि उजेडाने बिचकून मादी तशीच परत फिरते, पिल्लंही वाट चुकतात.

घरी आल्यावर

खारा वारा फ्लॅशच्या पायाचे आणि सेलच्या कप्प्याचे संपर्क गंजवतो. त्याच रात्री ओलसर, मग कोरड्या फडक्याने सगळं पुसा. स्टँडचे पाय पाण्यात गेले असतील तर गोड्या पाण्याने धुऊन, सगळे जोड उघडून वाळवा. भिजलेला फ्लॅश उघडून बघू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही काही वेळ तीनशे व्होल्टच्या आसपास साठा असतो. सेल काढा आणि दुरुस्तीवाल्याकडे द्या.

जूनपासून काम मंदावतं. सेल बाहेर काढून ठेवा, फ्लॅश आणि भिंगं झाकणबंद डब्यात सिलिका जेलबरोबर. चवथीच्या आठवडाभर आधी सेल भरून फ्लॅश एकदा सुरू करा आणि पूर्ण पॉवरला, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबत, दहा-बारा वेळा पेटवा. बरेच दिवस पडून राहिलेला कपॅसिटर त्याने पुन्हा नीट भरायला लागतो.